दोन चमचे वरण

ऋचाला जन्मापासून आनुवंशिक आजार होता. प्रथिनं जरा जास्त झाली, तर मेंदूला इजा होण्याची भीती. म्हणून घरी वरणही चमच्यानं मोजत. तरी श्यामसुंदर मास्तरांनी हट्टानं नऊ वर्षांच्या नातीला पानशेतच्या शिबिराला धाडलं. ती परतताच रक्त तपासायला दिलं, आणि मास्तर फोनपाशीच बसून राहिले. अखेर खराडीच्या ऑफिसातून मुलाचा फोन आला, “बाबा, रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल आहे!” त्यांच्या जिवात जीव आला. नातीला जवळ घेऊन त्यांनी विचारलं, “तिथं वाढायला कोण होतं गं?” “स्वयंपाकाच्या मावशी. पहिल्या दिवशी ‘लेकरू वाळलंय’ म्हणत पळीभर वरण ओतायला निघाल्या.” “मग?” “मी त्यांना दोन चमचे मोजायला शिकवलं. तीनदा सांगावं लागलं, आजोबा! शेवटच्या दिवशी शिबिराचे सर आग्रहानं तिसरा चमचा वाढायला आले, तर मावशींनी त्यांचा हातच धरला.”