लेबल नसलेली बाटली

"सपकाळ, जरा इकडे या. मला षटकोन दिसत नाहीयेत," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता उज्ज्वला सहकाऱ्याला म्हणाली.

सांगलीच्या त्या लॅबमध्ये लघवी तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती. मुतखड्याचा आजार तिच्या घरात आजोबांपासून होता. ती आणि तिची मुलगी मृण्मयी तहान नसतानाही तासातासाला पाणी प्यायच्या, तरी दोघींच्या नमुन्यात खड्यांचे ते षटकोनी स्फटिक दर महिन्याला दिसायचेच. गेल्या महिन्यात मृण्मयीला जनुक दुरुस्त करणारं इंजेक्शन दिलं होतं. बारा वर्षांवरच्यांना ते लागू पडत नसे.

सपकाळांनी डोळा लावला. "स्लाइड एकदम साफ आहे. नमुना कुणाचा?"

उज्ज्वलाने घरून आणलेल्या, तिच्या आणि मृण्मयीच्या नमुन्यांच्या दोन्ही बाटल्या फिरवून पाहिल्या आणि तिचे कान तापले. सकाळच्या घाईत लेबलं लावायचीच राहिली होती. याच चुकीसाठी ती पेशंटना रोज परत पाठवायची.

"मग उद्या पुन्हा आणा," सपकाळ म्हणाले.

तिने दुसऱ्या बाटलीतला थेंब स्लाइडवर घेतला. फरशी घातल्यासारखे षटकोनच षटकोन.

"लेबल नको आता," ती म्हणाली. "हा माझा, साफ तो मृण्मयीचा. मला कुठे इंजेक्शन मिळालंय?"

तिने लगेच शाळेत फोन लावून मृण्मयीला फोनवर बोलावून घेतलं.

"पाणी पिते गं आई, पाण्याची अर्धी बाटली संपलीय," मृण्मयी सवयीने म्हणाली.

"तहान लागली असेल तरच पी," उज्ज्वला म्हणाली.