कॅम्परच्या नाकाचं वजन

सत्य हा संसाराचा पाया असतो. लव्हॉन ट्वेट हे मनापासून मानत आली होती, वजनकाट्याचा अपवाद सोडून.

तो काटा आज न्हाणीघरातून अंगणात आला होता. फळीचं एक टोक काट्यावर, दुसरं विटेवर, आणि मधे नव्या छोट्या कॅम्परचं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचं, नाक. हे नाक गाडीची शेपटी खाली दाबतं, पुढची चाकं हलकी होतात, मग स्टिअरिंग नुसतं शोभेला उरतं. नाकाचा भार सगळ्या चाकांवर वाटून देणारा हूक बाजारात मिळतो. लहान हूक चारशे पौंडांपर्यंत, मोठा त्यापुढे. तिच्या नवऱ्याने, अर्लंडने, अख्खा हिवाळा या दोन हुकांमध्ये काढला होता. रोज सकाळी कॅफेत सात म्हातारे त्याला आठ सल्ले देत. तो सगळे वहीत उतरवून घेई.

आता तो जॅकचं हँडल फिरवत होता. काटा वाचायचं काम लव्हॉनचं. घरातही तीच वाची, कारण अर्लंडला स्वतःच्या पोटापलीकडचं दिसत नसे.

"किती?"

"एकशे चाळीस."

काट्यावर तिसरा हिस्सा यावा अशी फळी मांडली होती. तीनपट, म्हणजे चारशे वीस. "मोठा हूक," अर्लंडने जाहीर केलं आणि वहीत दोन रेघा ओढल्या.

लव्हॉन उठता उठता थबकली. डॉक्टरांनी अर्लंडचं गोड बंद केलं तेव्हापासून, गेली दोन वर्षं, ती काट्यावर दिसेल त्यात वीस मिळवून सांगत होती. त्यामुळेच त्याचे कॅरमल रोल सुटले होते. जिभेला वळण पडलं होतं. काटा एकशे वीसवर होता.

खरं सांगावं तर दोन वर्षं बाहेर येणार. न सांगावं तर चुकीच्या हुकावर जीव टांगून फिरायचं. तिने मधला मार्ग काढला.

"मिलोच्या काट्यावर एकदा घालून बघू या का?"

मिलो एकतीस वर्षं गावच्या धान्यकोठीवर ट्रक तोलत होता. गव्हाची कापणी चालू होती. रांगेत चार ट्रक असूनही त्याने ट्वेट मंडळींना मधे घेतलं. कॅम्परची चाकं बाहेर, नाक तेवढं काट्यावर.

"तीनशे साठ," मिलो खिडकीतून म्हणाला.

"चारशे वीस," अर्लंड म्हणाला. "तुझा काटा साठ पौंड खातो, मिलो."

मागच्या चारही ट्रकांची इंजिनं बंद झाली. डकोटात माणूस आपल्या पाद्र्याबद्दल वाईटसाईट ऐकून घेतो, काट्याबद्दल नाही. चार शेतकरी खाली उतरले. ट्रकमागे साठ पौंड गहू, अशी एकतीस वर्षं. टोप्या मागे सारून ते मनातल्या मनात गुणाकार करू लागले.

"बाबा रे, मागच्याच महिन्यात सरकारी माणूस तपासून गेलाय." मिलोचा चेहरा बिटासारखा झाला होता.

"मग परत बोलव त्याला. मी तक्रार लिहून देतो. पेन आहे?"

मिलोने पेन दिलं. मग खिडकीतलं सरकारी प्रमाणपत्र त्याने सरळ केलं, आणि ते लव्हॉनने पाहिलं.

"मिलोचा काटा बरोबर आहे," ती म्हणाली. "मी वीस वाढवून सांगितले. सवयीने."

"कसली सवय?"

"तुझ्या वजनाची."

अर्लंडने पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे मार्चमध्ये मी दोनशे अठरा नव्हतो."

"नव्हतास."

"आणि वाढदिवसाला मी उकडलेला फ्लॉवर खाल्ला."

"दोनदा वाढून घेतलास. छान झालाय म्हणालास."

"आमच्या हिच्या कानावर नका घालू रे हे," एक शेतकरी पुटपुटला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. बाकीचे तिघेही गेले.

अर्लंडने भांडण काढलं नाही. दोन मिनिटांत वीस पौंड उतरलेला माणूस भांडत नाही. त्याने वही उघडली, दोन रेघा खोडल्या आणि म्हणाला, "ठीक आहे. लहान हूक."

मिलोच्या चेहऱ्याचा रंग परतला होता. आता चार शब्द ऐकवायचा हक्क आपला आहे, असं त्याला वाटलं. "आणि गाडीच्या पुस्तकात काय म्हटलंय?"

"कुठलं पुस्तक?"

लव्हॉनने गाडीतला खण उघडला. पुस्तकावरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. तिने ते फाडलं आणि चष्मा लावला. पण या वेळी अर्लंडने पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं.

पान दोनशे अकरा. या गाडीला वजन वाटून देणारा हूक लावू नये.