मागच्या चाकावरची पुट्टी

चुंबक घसरलं. धाकट्याने ते पुन्हा मागच्या चाकावरच्या पत्र्याला लावलं. पुन्हा घसरलं. फडक्यात गुंडाळलेलं ते चुंबक त्याने गाडीभर फिरवलं होतं आणि सगळीकडे ते घट्ट बसलं होतं. इथे मात्र नाही. म्हणजे रंगाखाली लोखंड नव्हतं, पुट्टी होती.

"सापडलं!" तो म्हणाला आणि चक्क हसला.

गाडी आधी वडिलांची, मग थोरल्या भावाची. थोरला नुकताच गेला. आता पुतणी ती चालवणार, म्हणून कुठे गंज धरलाय का ते तपासून घ्यायला वहिनी स्वतः आली होती. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ती बाकाच्या टोकावर बसली होती. दिराच्या गॅरेजात ती पहिल्यांदाच येत होती.

दोघे भाऊ एकेकाळी एकाच गॅरेजात राबायचे. थोरला पत्र्याचा माणूस. गंजलेला भाग कापून नवा जोडल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडायचं नाही. धाकट्याला रंगाची घाई. भोक दिसलं की पुट्टी भरायची, घासायची आणि वर असा रंग चढवायचा की गिऱ्हाइकाने त्यात बघून भांग पाडावा. एकदा थोरल्याने भर गिऱ्हाइकासमोर त्याचं काम छिन्नीने उखडलं. "याला दुरुस्ती म्हणत नाहीत. गंजावर पांघरूण घातलंयस तू," तो म्हणाला. धाकट्याने हातातला ब्रश टाकला आणि जो गेला तो गेलाच. स्वतःचं गॅरेज काढलं, नाव कमावलं. थोरला आजारी असल्याचं कानावर आलं, तेव्हाही "आधी त्याने बोलवावं, मग जातो," म्हणून हा अडून बसला. बोलावणं काही आलं नाही.

आणि आता ही पुट्टी. लोका सांगे ब्रह्मज्ञान! जन्मभर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणाऱ्याने घरच्याच गाडीला मलमपट्टी केली होती. धाकट्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच जरा लाज वाटली. तरी ग्राइंडर त्याने लावलाच.

पांढरी धूळ उडाली. पुट्टी जाडजूड होती, ओबडधोबड, मधे मधे हवेचे फुगे. नवशिक्याचं काम. थोरल्याचा हात असा कधीच नव्हता. शेवटचा पोपडा निघाला आणि धाकट्याने ग्राइंडर बंद केला. मागे लोखंड होतं. आतल्या बाजूने नवा पत्रा बसवला होता. वेल्डिंग बारीक, कडा घासून साफ, त्यावर गंज न चढू देणाऱ्या रंगाचा हात. पाण्याचा थेंब शिरायची सोय नव्हती. मग बाहेरचा हा चिखल कशाला ठेवला?

तेव्हा त्याला आठवलं. हे भोक त्याने स्वतःच बुजवलं होतं. मिसरूड फुटायच्या वयात, पहिल्यांदाच, कुणाची मदत न घेता. वडिलांनी पाठ थोपटली होती. थोरला एकदा बघून आपल्या कामाला लागला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "दादाने आतून एवढं सगळं केलं. मग वरची ही माझी घाण तशीच का ठेवली?"

वहिनी उठून जवळ आली. उघड्या पडलेल्या पत्र्यावरून तिने बोट फिरवलं.

"मीही हेच विचारलं होतं, भाऊजी. म्हणाले, 'एकदा त्याचं काम मी उखडलं आणि भाऊ गमावून बसलो. हे राहू दे. तो येईल तेव्हा त्याचं तोच काढेल.'"