दातांच्या डॉक्टरांचा जनाधार

"मग, उभा राहू ना मी या वॉर्डातून?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

खुर्चीत निवृत्त मुख्याध्यापिका बाई होत्या. गालात कापसाचे दोन बोळे, ओठाला लाळ ओढणारी नळी, आणि डॉक्टरांची दोन बोटं पार अक्कलदाढेपर्यंत. बाई म्हणाल्या, "आं... आं."

"ऐकलंस? बाईंचाही पाठिंबा," डॉक्टर बायकोला म्हणाले.

बायको बाहेरच्या टेबलावर पेशंटचे नंबर लावायची. "अहो, आधी बोळे काढा आणि मग विचारा," ती म्हणाली.

पण ती डॉक्टरांची पद्धतच नव्हती. कापूस नीट बसला की ते राजकारण काढायचे आणि दाढ भरून झाली की विषय संपवायचे. चौदा वर्षांत एकाही पेशंटनं त्यांचं म्हणणं खोडून काढलं नव्हतं. अख्खा वॉर्ड आपल्याच विचारांचा आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. हरभऱ्याच्या झाडावर त्यांना कुणी चढवलं नाही, ते आपले आपणच चढले आणि अर्ज भरून मोकळे झाले.

धास्ती एकच होती. या वॉर्डातली माणसं मतदानाच्या दिवशी घरात लोळत पडायची. आपली माणसं बाहेरच पडली नाहीत तर? या विचारानं डॉक्टरांना आठवडाभर जेवण गेलं नाही. आणि त्या दिवशी बघतात तो काय, सकाळी सातलाच केंद्राबाहेर ही भलीमोठी रांग! जन्मात कधी मतदान न केलेले लोक त्यात होते. एक आजोबा तर घाईघाईत कवळी घरीच विसरून आले होते. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

निकाल लागला. डॉक्टरांना अकरा मतं पडली. त्यांच्या घरातच, सासुरवाडीची मंडळी धरून, तेरा मतदार होते. कुठे तोंड लपवावं हे त्यांना कळेना.

आठवड्यानं बाई दाढेवर टोपी बसवून घ्यायला आल्या. या खेपेला डॉक्टरांनी कापसाला हात लावला नाही.

"बाई, इतकी वर्षं तुम्ही कधी मतदानाला गेला नाहीत. मग याच वेळी कशा गेलात?"

बाईंनी आधी जबडा जरा मोकळा करून घेतला.

"चौदा वर्षं आ वासून तुमचं ऐकतेय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "उत्तर द्यायला मिळालं ते त्या एकाच दिवशी."