नीट दिसू द्या

कृष्णेच्या पुरात मालुताई खोतांच्या घरातली झाडून सगळी भांडी वाहून गेली. शाळेत उतरलेल्या साऱ्या गल्लीचा भात त्यांच्या गळ्यात पडला होता. पण पातेल्याच्या बुडातून पाणी गळून चूल पुन्हा विझली. मागं पोरं ताटल्या वाजवत होती.

पातेली पुण्याच्या ‘फोडणी कट्टा’ या फेसबुक ग्रुपनं मदत म्हणून पाठवलेली. ॲडमिन वृंदाताईंचा फोन आला. "मिळाली ना भांडी? मग ग्रुपवर फोटो टाका. बायकांना हुरूप येतो. प्रत्येक भांडं नीट दिसू द्या हं."

"दाखवते की, नीटच दाखवते," मालुताई म्हणाल्या.

भांड्यांवर नावं घालायची आपली रीत. टाकाऊ भांडी देताना ती नावं कुणाच्याच ध्यानात राहिली नव्हती. मालुताईंनी नाव आणि भोक एकाच फोटोत बसवलं. खाली लिहिलं, "सौ. शुभदा गोगटे यांचं पातेलं. चूल विझवायला उत्तम. आभारी आहोत." असे बऱ्याच जणींचे आभार मानून झाल्यावर बूड गेलेला एक हंडा आला. त्यावर कोरलं होतं, "सौ. वृंदा हिस नणंद नलिनीकडून सप्रेम भेट."

नलिनीही ग्रुपवरच होती. तिनं लगेच विचारलं, "वहिनी, हा कपाटात जपून ठेवलाय ना तुम्ही?"

मिनिटभरात फोन वाजला. "अहो मालुताई, डिलीट करा ते सगळं! आत्ताच्या आत्ता!"

"करते की, ताई. नवी पातेली येऊन भात शिजला, की लगेच."