मुठीएवढी आयाळ

खुब्याचं हाड मोडल्यापासून उकंडा बाजेवरच होता, म्हणून बोरी अरब गावच्या वरातीला त्याची मुलगी प्रणाली पहिल्यांदाच घोडी नेणार होती. सकाळी तिनं घोडीला खरारा केला, आयाळ विंचरली आणि कैचीनं चार बोटं ठेवून सरळ कापत आणली. मान संपते तिथं केसांचा एक लांब झुपका राहिला होता. बेढब दिसतो म्हणून तिनं तोही उडवला. बाप बाजेवरून पाहत होता. कैची थांबल्यावर म्हणाला, "तो झुपका नवरदेवाच्या मुठीसाठी ठेवलता मी. बँड वाजला का भल्याभल्याचा हात तिथं जाते. धराले काही नसलं तर माणूस खाली येते." "मंग आधी काहून नाही सांगतलं?" "केस झाडून घे आधी," तो म्हणाला. संध्याकाळी चौकात बँड वाजला आणि घोडी थरारली. ऐटीत बसलेल्या नवरदेवाचा हात मानेवर चाचपडला, पण त्याला काहीच सापडलं नाही. लगाम धरून पुढं न चालता त्याच्या गुडघ्याला लागून चालणाऱ्या प्रणालीनं खांदा पुढे केला. मांडवापर्यंत तो हात तिथून हलला नाही. घरी येऊन तिनं घोडी बांधली आणि पुन्हा तेच विचारलं, "बाबा, मी कापून राह्यली होती तवा तुमी पाहूनच राह्यले होते ना? मंग थांबवलं काहून नाही?" तिच्या पांढऱ्या कुडत्यावर, खांद्याशी, नवरदेवाच्या हळदीची पाच बोटं उमटली होती. उकंडा त्या बोटांकडं पाहत म्हणाला, "थांबवलं असतं, तर तू नवरदेवाच्या इतक्या जवळून चालली असती काय?"