देठाखालची पिशवी

चांगुणाबाईंनी ओटीतून पानाचा पुडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. चार वर्षं त्या मला जंगलात अळंबी दाखवत होत्या. कपाटातल्या तीनशे बारा नमुन्यांपैकी निम्मे त्यांनीच शोधलेले.

"ही कंची हाय सांगा, बाई. डाक्टर इचारतोय. परवा सुनेनं भाजी खाल्ली, काल दिसभर उलट्या."

"तुम्ही खाल्ली?"

"माजा सोमवार होता."

पुड्यात एक अळंबी होती: पांढरी टोपी, खाली पांढऱ्या चुण्या. खायची आणि विषारी, दोन्ही अशाच दिसतात. फरक असतो मातीखाली. खायच्या अळंबीचं मूळ वारुळात खोल जातं. विषारीच्या बुडाशी पांढरी पिशवी असते. मी देठ उलटा केला. तो सुरीने सफाईदार कापलेला होता.

"मुळासकट उकरली नाही?"

"आदी काठीनं उकरायचीच की. तुमीच म्हनला, नमुन्याला येक उकरायची, बाकीच्या वरनं कापायच्या, म्हंजी फुडल्या साली उगवत्यात. सुरीबी तुमीच दिली."

मी चुण्यांचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आयोडीनच्या थेंबात बीजाणू काळसर निळे झाले. विषारीच.

माझा चेहरा पाहून त्याच मला समजावू लागल्या. "घाबरू नगा, बाई. सकाळपास्नं उलट्या थांबल्यात. च्या मागून प्याली."

या विषात यकृत निकामी होण्याआधीचा एक दिवस असाच बरा जातो. मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेले.